मंडप उतरल्यानंतर

श्रावणी पौर्णिमेला माहूरची परिक्रमा असते. घरोघरी राखीचा सण, आणि इकडे नांदेड, यवतमाळ, हिंगोलीकडची, शेजारच्या तेलंगणातली माणसं रेणुकेच्या गडाभोवतीचे डोंगर पायी फिरायला आलेली. सागाच्या जंगलातली वाट पावसाने निसरडी होते. पोराला खांद्यावर घेतलेला बाप पुढे, चपला हातात धरलेली आई मागे, असे घोळके अंधारातही चालत राहतात. वाटेत जागोजाग चहा, केळी, साबुदाण्याची खिचडी घेऊन गावकरी उभे असतात. कुणी पाण्याचा टँकर आणून लावलेला असतो. कुणी बॅटरी घेऊन उताराच्या वळणावर थांबलेला असतो, "सांभाळून माय, दगड हाय," एवढंच सांगायला. त्यांना कुणी नेमलेलं नसतं.

संपादकांनी यंदा 'विनामोबदला' हा विषय दिला, तेव्हा मला कॅन्सरच्या कामाला आपणहून लागलेली माणसं आठवली. मुंबईत या कामाची परंपरा मोठी आहे. डॉ. डी. जे. जस्सावाला आणि नवल टाटा यांनी १९५१ साली इंडियन कॅन्सर सोसायटी उभी केली. १९६९ मध्ये कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन आली, १९९४ मध्ये व्ही केअर. गावाकडून टाटा रुग्णालयात पोचलेल्या भांबावलेल्या माणसाला वाट दाखवणं, औषधाची सोय पाहणं, नुसतं शेजारी बसणं, हे सगळं तिथले स्वयंसेवक वर्षानुवर्षं करत आले आहेत. मला मात्र तो माणूस जिथून निघतो तिकडे जायचं होतं. जिथे कॅन्सरचं रुग्णालय नाही, मोठे देणगीदार नाहीत, तिथे स्वयंसेवक नेमकं काय करतो? म्हणून परिक्रमेच्या सुमारास मी माहूरला गेले.

माहूर नांदेड जिल्ह्याच्या उत्तर टोकाला आहे. पैनगंगा ओलांडली की विदर्भ. किनवटचा हा मुलूख १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होता, राज्यांच्या पुनर्रचनेत तो नांदेडला जोडला गेला. बोलण्यात मराठवाडी आणि वऱ्हाडी मिसळलेली, तांड्यांवर गोरबोली, डोंगरातल्या पाड्यांवर गोंडी आणि कोलामी. नांदेड लांब, यवतमाळ त्यामानाने जवळ. आजार मोठा असला की जिल्ह्याचं ठिकाण सोडून माणसं आधी नदीपलीकडे पाहतात.

मला भेटलेल्या मंडळींत एक निवृत्त शिक्षक, दोन आशाताई, औषधाचं दुकान चालवणारा एक तरुण आणि गर्भाशयमुखाच्या, म्हणजे इथल्या भाषेत पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरमधून बरी झालेली एक बाई होती. नावं छापू नका, असं सगळ्यांनी सांगितलं. कारण ऐकून मी पटकन मान्य केलं. लहान गावात कोण कुणाला घेऊन बसमध्ये चढलं, यावरूनच आजार कुणाच्या घरात शिरला ते कळतं. नाव मदत करणाऱ्याचं छापलं, तरी ओळखला जातो आजारी माणूस.

मुखाची देवी

रेणुकेची इथली मूर्ती म्हणजे केवळ मुख. आई प्रकट होईपर्यंत मागे वळून पाहू नकोस असं सांगितलेलं असताना परशुरामाने वळून पाहिलं, तेव्हा जमिनीतून फक्त मुख वर आलेलं होतं, अशी कथा. शेंदराने माखलेलं ते भव्य मुख आणि त्या मुखात विडा. कुटलेल्या विड्याचा तांबूल हाच इथला प्रसाद. पायऱ्यांलगतच्या दुकानांतून पानं कुटण्याचा ठकठक आवाज येत राहतो आणि ओवा, बडीशेप, वेलदोड्याचा वास दर्शनाच्या रांगेपर्यंत पोचतो.

निवृत्त शिक्षक, म्हणजे सगळ्यांचे गुरुजी, आपलं बोलणं इथूनच सुरू करतात. "आईच्या विड्यात तंबाखू नसते," असं ते समोरच्याला सांगतात आणि मग विचारतात, "तुमच्या गालात काय आहे?" माणूस हसतो, तोंड पुसतो, थुंकून येतो. तंबाखू खाणाऱ्याला दोष दिला की तो निघून जातो, हे शाळेत चाळीस पोरांना सांभाळलेल्या माणसाला चांगलं ठाऊक आहे. देवीचा आधार घेतला की तो निदान दोन मिनिटं थांबतो, आणि गुरुजींना तेवढा वेळ पुरतो.

प्रौढांमधल्या तंबाखूच्या वापराची जी राष्ट्रीय पाहणी २०१६-१७ मध्ये झाली, तिच्यात महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू वापरताना आढळले. त्यात ओढणारे थोडे; चघळणारे, दाबणारे, घासणारे २४.४ टक्के. या भागात पुरुषांत खर्रा चालतो. सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या पन्नीत घोटून तयार केलेला. कामावर जाताना दोन पुड्या खिशात, संध्याकाळी परतताना आणखी एक. बायकांत मिश्री. भाजलेल्या तंबाखूची ही पूड दात घासायची म्हणून घेतली जाते, त्यामुळे तिला कुणी व्यसन म्हणतच नाही. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण घोटून द्यायच्या खर्र्याला कारखाना लागत नाही. एक टपरी आणि घोटायला दोन हात असले की झालं.

सुपारीबद्दल बोलताना गुरुजींचा आवाज जरा जड होतो, आणि तो का होतो ते मला समजतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या लिऑं इथल्या कॅन्सर संशोधन संस्थेने २००४ साली स्पष्ट केलं, की तंबाखू नसलेली सुपारीसुद्धा माणसाला कॅन्सर करते. पानसुपारी ही आपल्याकडे पाहुणचाराची, लग्नाच्या बोलणीची, पूजेची वस्तू. ती वाईट आहे असं गडाच्या पायथ्याशी उभं राहून कसं म्हणायचं? गुरुजी तसं म्हणत नाहीत. प्रश्न चिमूटभर प्रसादाचा नाही, असं ते सांगतात. प्रश्न सकाळपासून रात्रीपर्यंत गालात धरून ठेवलेल्या सुपारीचा आहे. मला ही मांडणी पटली. श्रद्धेला धक्का न लावता खरं सांगता येतं, फक्त त्याला धीर धरावा लागतो.

मग ते हाताची तीन बोटं एकत्र जुळवायला लावतात आणि ती उभी तोंडात घालायला सांगतात. तोंड मोकळं असेल तर तिन्ही जातात. माझ्यासमोर एका तरुण रिक्षावाल्याची दीडच गेली. तिखट खाल्लं की तोंडाची आग होते का, असं विचारल्यावर तो म्हणाला, "घरी माझी भाजी वेगळीच काढते बायको." सुपारीने गालाच्या आतलं अस्तर कडक होत जातं, तोंड उघडेनासं होतं, तिखट सोसत नाही. हा अजून कॅन्सर नव्हे, पण पुढे त्यातून कॅन्सर होऊ शकतो. गालातला पांढरा चट्टा, न पुसला जाणारा लाल डाग, तीन आठवडे होऊनही न भरणारी जखम, या सगळ्याची गत तीच. दुखत नसल्यामुळे माणूस थांबतो आणि थांबल्यामुळे आजार वाढतो. त्या रिक्षावाल्याचा नंबर वहीत लिहिला गेला, सोबत त्याच्या रिक्षा थांब्याचं नावही.

पडद्याअलीकडे, पडद्यापलीकडे

परिक्रमेच्या आगेमागे ही मंडळी तपासणीचं शिबिर घेतात. शिबिर म्हटलं की फलक, ध्वनिक्षेपक, पाहुण्यांची भाषणं आणि शाल-श्रीफळ डोळ्यांसमोर येतं. प्रत्यक्षात शिबिर चालतं ते खुर्च्या, पाणी आणि पडदा यांवर. त्यातही पडदा महत्त्वाचा. तोंडाची तपासणी उघड्यावर होते. एक बॅटरी, लाकडी पट्टी, हातमोजे आणि दाताचे डॉक्टर एवढं असलं की पुरतं. बाईच्या छातीची तपासणी किंवा पिशवीच्या तोंडाची तपासणी करायला मात्र भिंत लागते, कडी लागणारं दार लागतं, टेबल, उजेड आणि हात धुवायला पाणी लागतं. म्हणून ही मंडळी मंडपात बायकांना फक्त माहिती देतात आणि तपासणीला आरोग्य केंद्रात नेतात. मंडपातच सगळं उरकावं असा आग्रह पूर्वी काही जणांचा असायचा, कारण तिथे फोटो चांगला येतो. आशाताईंनी तो मोडून काढला.

बायकांशी बोलताना शब्द जपून वापरावे लागतात. "गर्भाशयमुख" म्हटलं की समोरची नुसती मान डोलावते. "पिशवीचं तोंड" म्हटलं की तिला कळतं. "अंगावरून पांढरं जातं का? पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं का? मालकासोबत राहिल्यावर रक्त जातं का?" असे प्रश्न आशाताई अगदी जवळ जाऊन, जवळजवळ कानात विचारतात. बरी झालेली जी मावशी आहे, ती प्रश्न विचारत नाही. ती स्वतःचं सांगते. वर्षभर अंगावरून जात होतं, बाहेरचं काहीतरी असेल म्हणून गावोगाव फिरले, वास यायला लागला म्हणून वेगळी झोपायला लागले, असं सरळ सांगून टाकते. तिचं बोलणं संपेपर्यंत ऐकणाऱ्या बायकांतली एखादी तरी उठून आशाताईंच्या बाजूला जाऊन बसलेली असते. शिकवून येणारी ही गोष्ट नव्हे. जिचं तिनेच सांगावं.

तपासणी तशी साधी आहे. पिशवीच्या तोंडाला पातळ केलेलं असेटिक ॲसिड, म्हणजे सिरक्याच्या जातीचं द्रव लावायचं, मिनिटभर थांबायचं, पांढरा चट्टा उमटतो का पाहायचं. तिशीच्या पुढच्या प्रत्येकाची तोंडाची आणि बायकांची छातीची व पिशवीच्या तोंडाची तपासणी दर पाच वर्षांनी व्हावी, असं केंद्र सरकारचं २०१६ चं धोरण आहे. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या अवघ्या १.९ टक्के बायकांनी पिशवीच्या तोंडाची तपासणी आयुष्यात कधीतरी झाल्याचं सांगितलं, छातीची ०.९ टक्के. धोरण कागदावर आहे, यंत्रणाही बऱ्याच ठिकाणी आहे. मधली वाट चालवत न्यायला माणूस नाही.

या मंडळींची वही मी नीट पाहिली. नाव, वय, फोन हे रकाने सगळीकडेच असतात. इथे पुढे आणखी रकाने आहेत: फोन कुणाचा, घरी कुणाला सांगितलेलं चालेल, तांडा किंवा पाडा कुठला, तिथली आशा कोण, ऊसतोडीला जाणार का, जाणार तर कधी. हे रकाने अनुभवातून आले. बाईच्या नावापुढचा नंबर नवऱ्याचा निघतो, मुलाचा निघतो, कधी गावातल्या किराणा दुकानदाराचा निघतो. त्या नंबरवर फोन करून "तुमच्या तपासणीत संशय आला" असं कुणालाही सांगून चालत नाही. म्हणून फोनवर फक्त एवढंच सांगायचं, की आशाताईंनी बोलावलंय. बाकीचं समोरासमोर.

बार्शीची वाट

गावोगाव जाऊन माणूस शोधायचा आणि मग त्याची पाठ सोडायची नाही, ही रीत महाराष्ट्रात आधी कुणी रुजवली असेल तर ती बार्शीने. डॉ. भगवान नेने यांनी बार्शीत अश्विनी ग्रामीण कॅन्सर संशोधन संस्थेचं आणि नर्गिस दत्त स्मारक कॅन्सर रुग्णालयाचं काम उभं केलं. १९८७ मध्ये तिथे देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतली ३४६ गावं. शहरातल्या नोंदणीत रुग्णालयाचे कागद गोळा केले की नोंद होते. खेड्यात ते चालणार नव्हतं, कारण माणसं रुग्णालयापर्यंत पोचतच नव्हती. म्हणून नोंदणीचे कार्यकर्ते गावात जायचे, सरपंच, शिक्षक, दाई, वैदू, जो भेटेल त्याच्याशी बोलायचे, कुणाला गाठ आहे, कुणाच्या अंगावरून जातंय, कोण वाळत चाललंय ते विचारायचे आणि संशय असलेल्याला बार्शीला आणायचे.

टाटा रुग्णालयाच्या डॉ. कस्तुरी जयंत यांच्यासह या मंडळींनी काही वर्षांनी तपासून पाहिलं, तेव्हा एक वेगळीच गोष्ट हाती लागली. नोंदणी हे मोजदादीचं काम. पण गावात येणं-जाणं आणि बोलणं वाढल्यामुळे पिशवीच्या तोंडाचे कॅन्सर आधीपेक्षा लवकरच्या अवस्थेत सापडू लागले होते. नवं यंत्र आलं नव्हतं, नवं औषध आलं नव्हतं. त्याच त्या माणसांचं गावात पुन्हा पुन्हा जाणं एवढंच वाढलं होतं. १९९५ साली ते प्रसिद्ध झालं. स्वयंसेवकांच्या प्रत्येक प्रशिक्षणात सुरुवातीलाच हे सांगितलं पाहिजे, असं मला वाटतं.

त्याच पायावर पुढे तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात जगभर गाजलेलं काम झालं. १९९९ ते २००३ या काळात ५२ गावसमूहांतल्या ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका त्यात घेतल्या गेल्या. डॉ. आर. शंकरनारायणन, डॉ. नेने आणि डॉ. सुरेंद्र शास्त्री ही त्यातली मुख्य नावं. काहींची एचपीव्ही या विषाणूसाठी चाचणी, काहींची पेशींची, काहींची सिरका लावून, आणि एक गट नेहमीच्या सोयींवर सोडलेला. २००९ च्या एप्रिलमध्ये निष्कर्ष आले. आयुष्यात एकदाच एचपीव्ही चाचणी झालेल्या ३४,१२६ बायकांच्या गटात या कॅन्सरने ३४ जणी गेल्या. तपासणी न मिळालेल्या ३१,४८८ जणींच्या गटात ६४. त्या शेवटच्या गटाला तपासणी का दिली नाही, यावर पुढे कडक टीका झाली आणि मला ती रास्त वाटते. आपल्याच भागातल्या त्या ६४ बायकांचा आकडा वाचून पुढे सरकणं मला जमलं नाही. जगभरच्या बायकांची तपासणी कशी व्हावी हे ठरवताना आजही मराठवाड्यातल्या या शेतमजूर बायकांचा दाखला दिला जातो, हे निदान मराठवाड्याने तरी लक्षात ठेवायला हवं.

मुंबईच्या झोपडपट्ट्यांत झालेल्या अशाच कामात डॉक्टरांऐवजी दहावी शिकलेल्या बायकांना प्रशिक्षण देऊन तपासणी करायला लावली. सिरक्याच्या तपासणीने मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. छातीच्या हाताने केलेल्या तपासणीचे वीस वर्षांचे निष्कर्ष डॉ. इंद्रनील मित्रा यांनी २०२१ मध्ये मांडले. पन्नाशीपुढच्या बायकांत मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. म्हणजे नीट शिकवलेली साधी बाई हे काम करू शकते. 'नीट शिकवलेली' हे मात्र विसरायचं नाही. उत्साहाने आलेल्या स्वयंसेवकाने कुणाची गाठ चाचपून "काही नाही, जा" असं सांगणं हा अपराध आहे. माहूरच्या मंडळींत हा नियम कडक आहे: आपण तपासायचं नाही, आपण न्यायचं.

कागद, भाडं आणि नंदीग्राम

नेणं म्हणजे काय, ते मी आशाताईंसोबत फिरले तेव्हा कळलं. एका तांड्यावरच्या बाईला तपासणीत संशय निघालेला. तिला आधी तुकड्याच्या तपासणीसाठी, म्हणजे बायोप्सीसाठी न्यायचं होतं. नवरा म्हणाला, "दुखत नाही तिले, मग कायले नेता?" सासू म्हणाली, सुरी लागली की पसरतं. हा समज खेड्यापाड्यांत सगळीकडे आहे. गाठ कापली आणि माणूस गेला, असं प्रत्येकाने कुठेतरी पाहिलेलं असतं. ती कापली तेव्हाच उशीर झालेला होता, हे मात्र कुणी सांगितलेलं नसतं. आशाताईंनी वाद घातला नाही. त्या दुसऱ्या दिवशी मावशीला घेऊन आल्या. मावशी सासूशेजारी बसली, गोरबोलीत दोघींचं बराच वेळ काही चाललं. नवरा तयार झाला तो त्यानंतर.

मग कागद. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार मोफत होतात, पण रेशन कार्डावर एक नाव आणि आधारवर दुसरं असलं की घोडं अडतं. माहेरचं नाव, सासरचं नाव, तांड्यावरचं हाक मारायचं नाव. औषधाच्या दुकानातला तरुण हे काम बघतो. रुग्णालयात योजनेच्या खिडकीशी आरोग्यमित्र बसतो, त्याला आधीच फोन करून कुठला कागद कमी पडेल ते विचारून ठेवतो. आजार पक्का होईपर्यंतच्या तपासण्या, ये-जा, जेवणखाण यांचा खर्च मात्र बहुतेकदा घरावरच पडतो, आणि माणूस मागे फिरतो तो याच टप्प्यावर. उपचार महाग म्हणून थांबलेले जितके, तितकेच पहिल्या दोन खेपांचं भाडं नाही म्हणून थांबलेले असतील, असं गुरुजींचं मत आहे.

जायचं कुठे, हा पुढचा प्रश्न. मराठवाड्यात छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. लातूरला विवेकानंद रुग्णालय आहे. १९६६ पासून तिथे उभ्या राहिलेल्या कामासाठी डॉ. अशोक कुकडे यांना २०१९ मध्ये पद्मभूषण मिळालं. माहूरहून मात्र नागपूरचं राष्ट्रसंत तुकडोजी रुग्णालयही तितकंच हाताशी. आशाताई घरच्यांना आधी नातेवाईक विचारतात. नागपुरात मेहुणा राहत असेल तर नागपूर, संभाजीनगरला भाऊ कंपनीत असेल तर संभाजीनगर. पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरला पाच-सहा आठवडे आठवड्याचे पाच दिवस शेक, म्हणजे किरणोपचार घ्यावे लागतात. एवढे दिवस राहायला जागा आणि भाकरी करून देणारं माणूस नसेल तर उपचार अर्ध्यात सुटतात. डॉक्टर रोगाच्या अवस्थेवरून आराखडा ठरवतात, पण तो पुरा होईल की नाही हे बहिणीच्या घरातल्या एका जादा खोलीवर अवलंबून असतं.

मुंबईला जायचं असलं की किनवटहून नंदीग्राम एक्स्प्रेस. तीच गाडी नांदेड, परभणी, जालना, संभाजीनगर करत मुंबईला पोचते. कॅन्सरच्या रुग्णाला रेल्वेत आणि एसटीत सवलत मिळते, पण त्यासाठी डॉक्टरांचा ठरलेल्या नमुन्यातला दाखला लागतो, आणि तो मागायला हवा हेच बहुतेकांना ठाऊक नसतं. बायकांना २०२३ पासून एसटीत अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून सोबत जाणारी बाई मिळणं सोपं झालं, असं आशाताई म्हणाल्या. मुंबईत उतरल्यावर दादरची गाडगे महाराज मिशनची धर्मशाळा अशा कुटुंबांना आसरा देते. गाडगेबाबा यात्रेत दिवसा झाडू घेऊन मैदान झाडायचे आणि रात्री त्याच मैदानात कीर्तनाला उभे राहायचे. यात्रेतली सेवा म्हणजे काय ते आपल्याला त्यांच्याकडून शिकायला मिळालं आहे, त्यासाठी परदेशी नमुना शोधायला नको.

चालणारे, धावणारे

परदेशी नमुन्यांचाही मला आदरच आहे. कॅनडाचा टेरी फॉक्स १९८० साली कृत्रिम पाय लावून देश ओलांडायला निघाला, कॅन्सर संशोधनाला पैसे जमावेत म्हणून. पुढच्याच वर्षी तो गेला, पण त्याच्या नावाच्या दौडी जगभर होतात. अमेरिकेत टकोमा इथे डॉ. गॉर्डन क्लॅट १९८५ मध्ये चोवीस तास मैदानाला फेऱ्या मारत राहिले आणि त्यांनी २७,००० डॉलर उभे केले; आज ती चाल हजारो गावांत होते. मुंबईची जानेवारीतली मॅरेथॉन २००४ पासून कितीतरी संस्थांना निधी मिळवून देते. यात क्रमांकाचे कागद वाटणारे, पाणी देणारे, रस्ता अडवून उभे राहणारे सगळे स्वयंसेवकच. हे पैसे खरोखर उपचारापर्यंत पोचतात.

फक्त तोच सोहळा उचलून तालुक्याच्या गावी आणला की काहीतरी हरवतं. शहरात माणसं एरवी एकत्र येत नाहीत, म्हणून तिथे गर्दी जमवणं हेच मोठं काम असतं. माहूरला गर्दी आधीच आहे. परिक्रमेला आहे, नवरात्रात आहे, दत्तजयंतीला आहे, आणि ती चालायलाच आलेली आहे. इथे स्वयंसेवकाने गर्दी जमवण्यात शक्ती घालवू नये. त्या गर्दीतला ज्याच्या तोंडात दीड बोट जातं तो एक माणूस ओळखावा आणि उपचार पुरे होईपर्यंत त्याचा हात सोडू नये. शंभर जणांची तपासणी झाली ही बातमी होते. त्यांतल्या संशय आलेल्या चौघांचं पुढे काय झालं, हे विचारायला कुणी येत नाही. देणगी देणाऱ्यांनाही माझं हेच सांगणं आहे. मंडपाला, फलकांना, टोप्या-टीशर्टांना पैसे द्या, पण त्याच्या बरोबरीने रिक्षाचं भाडं, तुकड्याच्या तपासणीचा खर्च आणि सोबत जाणाऱ्या बाईची बुडालेली मजुरी यासाठीही द्या. या रकमेची पावती मिळत नाही, तिच्यापुढे फोटो काढता येत नाही, म्हणून ती कुणी देत नाही.

मंडळी आणखी एक काम हळूहळू करत आहेत. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायला २००३ च्या कायद्याने मनाई आहे. गुरुजी शाळांपुढच्या टपऱ्यांचं अंतर मोजून ग्रामसभेत अर्ज देतात. टपरीवाला ओळखीचाच असतो, बऱ्याचदा त्यांचाच विद्यार्थी. त्याला ते आधी घरी बोलावतात, चहा देतात, दुसरं काय विकता येईल यावर बोलतात आणि मगच अर्ज देतात. पलीकडे गडचिरोलीत डॉ. अभय बंग यांच्या 'सर्च'ने सरकार आणि टाटा ट्रस्टच्या साथीने मुक्तिपथ हे दारू आणि तंबाखूविरोधी काम गावागावांतून उभं केलं, तिथेही भर गावाच्या निर्णयावरच आहे. माहूरच्या मंडळींनी ते ऐकलेलं आहे. एकदा जाऊन पाहायचं त्यांच्या मनात आहे.

दिवाळीनंतर

हा अंक तुमच्या हातात पडेल तेव्हा या भागातल्या अनेक तांड्यांवर सामान बांधायला सुरुवात झालेली असेल. दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. तांड्यावर म्हातारी माणसं आणि काही पोरं उरतात. ४ फेब्रुवारीला जागतिक कर्करोग दिन येतो, सगळीकडे शिबिरं होतात, आणि ज्यांची तपासणी व्हायला हवी ती तिशी-चाळिशीतली बाई तेव्हा कुठल्यातरी फडात मोळ्या बांधत असते. ठेकेदाराकडून उचल घेतलेली असते, मध्येच गावी येता येत नाही.

म्हणून या मंडळींनी आपलं वेळापत्रक पंचांगावर आणि टोळ्यांच्या ट्रकांवर बसवलं आहे. तपासणी पावसाळ्यात, परिक्रमेच्या आगेमागे. संशय असलेल्यांचे तुकडे नवरात्राच्या आत. ज्यांचं निदान पक्कं झालं त्यांना दिवाळीआधी उपचाराला लावायचं, आणि घरातल्या कर्त्याला त्या हंगामापुरतं तोडीला न जाता राहता येईल का, यासाठी मुकादमाशी बोलायचं. हे बोलणं सगळ्यांत अवघड. गुरुजी त्यासाठी तांड्याच्या नायकाला सोबत नेतात.

निघताना मी त्यांना विचारलं, वाचणाऱ्यांना काय सांगू? त्यांनी वही काढली आणि मागचं पान उघडलं. तिथे त्यांच्या गरजा लिहिलेल्या होत्या. गोरबोली आणि गोंडी बोलणाऱ्या बायका हव्यात, आठवड्यातला एक दिवस देणाऱ्या. यवतमाळ आणि नागपूरच्या रुग्णालयांत सकाळी आठला केसपेपरच्या रांगेत उभं राहील असं तिथलं कुणीतरी हवं, म्हणजे इथून पहाटे निघालेल्या माणसाचा दिवस वाया जाणार नाही. महिन्यातून दोनदा माहूरला येतील असे दाताचे डॉक्टर हवेत. आणि नागपुरात पाच-सहा आठवडे दोन माणसांना राहू देईल असं घर हवं, स्वयंपाकाची मुभा असलेलं. "शेवटचं आधी लिवा," गुरुजी म्हणाले, "त्या तांड्यावरच्या बाईचे शेक सुरू व्हायचेत."